रेघबाईंचे तीन गठ्ठे

प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्यामागे बसणाऱ्या रेघबाई त्याला चार वर्षांनी सीनियर होत्या. त्यांचं काम सांगायला अगदी सोपं. उंदराच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या द्रावणात ठेवले की त्यातल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात. का मोजक्याच, हे कुणाला माहीत नाही. पण सगळ्याच झाल्या असत्या तर नुसता डांबराचा गोळा दिसला असता, म्हणून कुणी तक्रार करत नाही. या काळ्या पेशींची चित्रं काढायची. सूक्ष्मदर्शकाला एक आरशाची नळी जोडलेली होती. तिच्यातून पाहिलं की पेशी आणि आपल्याच पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसायचं. पेशी म्हणजे एक झाडच. मध्ये टपोरी गाठ, वर फांद्यांचा मोठा पसारा, खाली लहान पसारा. रेघबाई ते फांदीन् फांदी गिरवत. दिवसाला तीन झाडं. एकतीस वर्षं.

खरं म्हणजे प्रयोगशाळेला फक्त वरचा पसारा लागायचा. मोजमाप त्याचंच व्हायचं. खालचा पसारा काढू नका, वेळ जातो, असं त्यांना तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या लेखी सूचनांनी कळवलं होतं. बाईंनी तिन्ही सूचना नीट फाइलला लावल्या आणि खालचा पसारा काढणं चालू ठेवलं. "अर्धवट चित्र माझ्या हातून निघत नाही," एवढंच त्या म्हणायच्या. हा त्यांचा हट्ट आहे, असं सगळे समजुतीने घ्यायचे. कार्यालयात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला एखादा हट्ट मंजूर असतो.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. त्यांचा सिद्धांत एका वाक्यात मावायचा आणि त्याचे एकेचाळीस शोधनिबंध झाले होते. दीर्घकाळ ताण सोसला की मेंदूच्या स्मरणाच्या भागातल्या पेशींचा वरचा पसारा आखडतो. उंदराला एकवीस दिवस, रोज सहा तास, जेमतेम अंग मावेल अशा नळीत ठेवायचं. मग बघा, झाड छाटल्यासारखं दिसतं. सर हे सांगताना हाताची बोटं आवळून दाखवायचे. परिषदांमधून वीस वर्षं आवळून त्यांची बोटं आता चहाचा कप धरतानाही थोडी आवळलेलीच असायची.

आणि शिंकताई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ताणाने उंदरांच्या मेंदूवर काय होतं यावर ती चार वर्षं पीएच.डी. करत होती आणि तिला उंदरांची ॲलर्जी होती. हे पोहण्याच्या मास्तरांनी पाण्याला घाबरण्यासारखं असलं, तरी मार्ग निघाला होता. तळघरातल्या प्राणिगृहाचे रखवालदार, ज्यांना सगळी इमारत ओघानेच उंदीरमामा म्हणायची, ते उंदरांना नळीत घालण्यापासूनचं सगळं तिच्या वतीने करायचे. तिच्याकडे यायच्या त्या फक्त आकडे लावलेल्या बाटल्या. त्यातले मेंदू ती कापायची, रंगवायची आणि बाईंकडे द्यायची. कुठला उंदीर नळीतला आणि कुठला मोकळा, हे तिला माहीत नसायचं आणि बाईंनाही. ती यादी मामांच्या हातची, बंद पाकिटात, सरांच्या कपाटात असायची. सगळी चित्रं मोजून झाली की पाकीट फोडायचं.

या वेळचं पाकीट सोमवारी सकाळी फुटलं. चोवीस उंदीर. बारा मोकळे, बारा नळीतले. मोकळ्यांचे पसारे मोकळे होते, त्याबद्दल वाद नव्हता. नळीतल्या बारांपैकी सात आखडले होते. उरलेल्या पाच जणांच्या वरच्या फांद्या, जणू काही झालंच नाही, अशा ऐसपैस पसरलेल्या.

"पाच?" सर म्हणाले.

"पाच, सर."

"वीस वर्षांत एखाददुसरा सुटलाय. पाच कधीच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग, जणू चष्म्यावरूनच सुचलं असावं, म्हणाले, "बाईंचे डोळे गेले."

सरांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. म्हणजे तो तयार होता. दृष्टी मंदावल्यामुळे अलीकडच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, खाली सही, तारीख.

"तीन आठवड्यांनी त्या निवृत्तच होतायत. कुणाला काही वाटायचं कारण नाही. ही चोवीस रद्द करू, तुला नवे चोवीस मिळतील, शिष्यवृत्ती वर्षभर वाढवून मिळेल. नाहीतर तुझ्या प्रबंधात काय लिहिणार आहेस? माझा सिद्धांत सात बारांश खरा आहे म्हणून?" ते थांबले. "तू सही घे. तुझं त्यांच्याशी जमतं."

जमतं हे खरं होतं. चार वर्षं दोघी एका टेबलावर डबा खात आल्या होत्या. फॉर्म हातात घेऊन जिना उतरताना शिंकताईला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे वाढीव वर्षाचा हिशेबही तिच्या डोक्यात झाला होता.

बाईंनी फॉर्म पूर्ण वाचला. पाठची कोरी बाजूही उलटून पाहिली.

"सरांनी सांगितलं?"

"हो."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला… पाच म्हणजे फारच होतात ना, बाई."

"मी ते नाही विचारलं. माझे डोळे गेलेत असं तुला वाटतं का?"

शिंकताईने खरं ते सांगितलं, की तिला माहीत नाही.

"हं. हे बरं केलंस. हो म्हणाली असतीस तर आजपासून डबा वेगळा. आणि नाही म्हणाली असतीस तर मी ओळखलं असतं, की पोरगी लोणी लावतेय." बाईंनी फॉर्म घडी न घालता टेबलाच्या कडेला ठेवला. "माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर सही करीन. वर पेढ्यासारखा शिक्काही मारीन."

परीक्षेची कल्पना सरांना आवडली. मास्तर माणसाला परीक्षा कधी नकोशी वाटत नाही. त्यांनी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीच्या सहा काचपट्ट्या काढल्या, त्यांच्यावरचे आकडे झाकले, नवे आकडे चिकटवले आणि प्रत्येक पट्टीवर एका पेशीभोवती शाईचं वर्तुळ करून दिलं. बाईंनी पूर्वी याच पेशी काढल्या होत्या. जुनी चित्रं सरांजवळ होती. आता नवी काढून घ्यायची आणि जुन्यांवर ठेवून बघायची.

दोन दिवस लागले. शिंकताई त्या दोन दिवसांत आपलं काम टाकून बाईंच्या मागे स्टुलावर बसून राहिली. चार वर्षं शेजारी असून तिने हे कधी सलग पाहिलं नव्हतं. बाईंचा डावा हात फिरकीवर असायचा. फांदी काचेच्या खोलीत जशी बुडायची तशी फिरकी केसभर फिरायची आणि उजव्या हातातली पेन्सिल त्याच वेगाने पुढे सरकायची. मध्ये दुसऱ्या पेशीची फांदी आडवी आली की पेन्सिल थबकायची, फिरकी मागे, पुढे, पुन्हा मागे, आणि बाई पुटपुटायच्या, "तू शेजारची, तू बाजूला हो." एकदाही खोडरबर लागलं नाही. बुधवारी दुपारी चौथी पट्टी लावली आणि बाई हसल्या.

"काय झालं?"

"ही माझ्या ओळखीची आहे. हिची डावी फांदी बघ, हट्टी मुलासारखी वळून बसलीये. मुलीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात काढली होती मी."

गुरुवारी सरांनी नवी चित्रं जुन्यांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावली. सहाही झाडं एकावर एक बसली. चौथीची हट्टी फांदीसुद्धा.

"मग डोळे ठीक आहेत," ते म्हणाले. सुरात आनंद नव्हता. "म्हणजे घोळ दुसरीकडे आहे. बाटल्या बदलल्या असतील. हिने, नाहीतर मामांनी. रद्द तर करावंच लागेल."

ते निघून गेल्यावर शिंकताईला हायसं वाटायला हवं होतं. बाई सुटल्या होत्या. पण बाई खुर्चीत तशाच बसून होत्या, आणि चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

"रद्द म्हणजे फेकणार?"

"हो. नियमच आहे."

"चोवीस जिवांचं? एकवीस दिवस नळीत काढलेल्या बारांचं?" बाईंनी ड्रॉवर उघडला. "तुला एक दाखवते. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नव्हते. आपल्याकडे मोजणारे वेगळे आणि काढणारे वेगळे."

ड्रॉवरमध्ये चोवीस उंदरांच्या चित्रांचे तीन गठ्ठे होते, तीन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बांधलेले.

"हे कधी केलंत?"

"काढता काढता. पाकीट फुटायच्या आधी. मला सवय आहे, सारखी दिसतात ती एकत्र ठेवायची. हा बारांचा गठ्ठा, निवांत झाडं. हा सातांचा, वरून आखडलेली. सरांची लाडकी. आणि हे पाच." तिसरा गठ्ठा त्यांनी सोडला. "सरांना ही निवांत वाटतात. मला नाही वाटत. वर नको बघू. खाली बघ."

शिंकताईने खाली पाहिलं. चार वर्षांत तिने पेशीचा खालचा पसारा पाहिलाच नव्हता. मोजायची पट्टी गाठीच्या वर लावायची, एवढंच तिला शिकवलेलं होतं. निवांत गठ्ठ्यातल्या झाडांना खाली भरगच्च फाटे होते, फाट्याला फाटे. या पाचांमध्ये ते विरळ झाले होते. फांद्या होत्या, पण पुढे फुटायच्याच थांबल्या होत्या. पाचही जणांत, आणि त्यांच्या प्रत्येक पेशीत.

"बाई, म्हणजे यांनाही…"

"मार बसलाय. जागा वेगळी आहे. वरून दिसत नाही म्हणून बसलाच नाही, असं थोडंच आहे?" बाईंनी गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला. "आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला ना, तेव्हा दोन वर्षं हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. काही लक्षात राहायचं नाही. सगळं गाव हळहळलं. मला म्हणायचे, तू म्हणजे लोखंड. मला दोन वर्षं झोप नव्हती, जिन्यात उगाच रडू यायचं. पण डबे वेळेवर जात होते. म्हणून कुणी मोजलं नाही."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आज नळाला पाणी उशिरा आलं, अशा सुरात सांगितलं. शिंकताई मात्र मोजायची पट्टी हातात धरून उभीच राहिली. आणि तिथेच तिच्या मनात तो प्रश्न आला, जो चार वर्षांत, एकेचाळीस निबंधांत आणि तीन लेखी सूचनांत कुणाला पडला नव्हता.

ती तळघरात गेली. तोंडावर दोन मास्क, डोळ्यांवर पोहायचा चष्मा.

"अरे वा," उंदीरमामा म्हणाले. "शिंकताई स्वतः! आज सूर्य कुठून उगवला? थांबा, दारातच उभ्या राहा, नाहीतर माझी लेकरं घाबरतील."

"मामा, माझे चोवीस — आक्छी! — माझे चोवीस सगळे नर होते ना?"

मामांनी हातातलं दाण्यांचं घमेलं खाली ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "बारा नर, बारा माद्या."

"मामा!"

"ओरडू नका. त्या महिन्यात नर बाराच होते. वरच्या मजल्यावरच्यांनी बाकीचे नेले. तुमच्या फॉर्मवर काय लिहिलेलं असतं? 'प्राणी: चोवीस.' मी चोवीस दिले. नर का मादी असा रकाना तुमच्या फॉर्मवर नाहीच. असता तर मी विचारलं असतं."

हे अगदी खरं होतं. प्रयोगशाळा वीस वर्षं फक्त नर वापरत होती. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं. रक्तात आज एक संप्रेरक वर, उद्या दुसरं. आलेख बिघडतात, असं सर म्हणायचे. नरच वापरायचे हे इतकं पक्कं होतं, की ते कागदावर लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"आणि नळीत कोण घातले? सगळे नर?"

"असं कसं?" मामा दुखावले. "सगळे नर नळीत आणि बाया मोकळ्या, किंवा उलटं, हा अन्याय नाही का? निम्मे निम्मे केले. सहा नर, सहा माद्या नळीत. बाकीचे मोकळे. माझ्या वहीत आहे सगळं."

मामांनी कुठल्याही पुस्तकात न वाचता, केवळ भांडण नको म्हणून, प्रयोगाची आखणी सरांपेक्षा चांगली केली होती. शिंकताईने वही मागितली. ती मास्कच्या आत इतकी जोरात शिंकली की मास्कची एक दोरी तुटली, आणि तशीच तुटक्या मास्कने ती जिना चढली.

शुक्रवारी सरांच्या टेबलावर एका बाजूला बाईंचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला मामांची वही होती. शिंकताई आकडा वाचायची, बाई कागद काढून ठेवायच्या. पाचांचा गठ्ठा आधी. नळीतली मादी. नळीतली मादी. पाचही माद्या. मग सातांचा. नर, नर, नर, नर, नर, नर. सातवा कागद आला.

"मादी," शिंकताई म्हणाली.

"बघा," सर लगेच म्हणाले. बुडत्याचा आवाज असतो तसा तो होता. "एक चुकला."

"चुकला नाही," बाई म्हणाल्या. "ती मादी असेल. पण वरून आखडलीये. मला दिसलं ते मी काढलं. सगळ्या माद्या एकसारख्या वागल्या असत्या तर मलाच शंका आली असती."

"हा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला तर तुमचं सगळं जुळतं, बाई."

"ठेवा ना. सही मात्र तुमची करा खाली."

शिंकताईला वाटलं, आता फॉर्म निघणार; बाटल्या, वही, मामांचा रकाना, कशावर तरी शिक्का बसणार आणि तिचे पाच उंदीर आणि बाईंचे तीन गठ्ठे कचऱ्यात जाणार. सरांना पुरेसं कारण होतं. तिने वाढीव वर्षाचा विचार करून पाहिला. तो आता तितका गोड लागला नाही.

"सर," ती म्हणाली, "मी रद्द नाही करणार. प्रबंधात हेच लिहीन. सहाव्या मादीसकट. तुम्ही मार्गदर्शक म्हणून सही केली नाही तर… दुसरे शोधीन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तो सातवा कागद उचलला, बराच वेळ आडवा-उभा धरला, आणि मग विचारलं, "हिची काचपट्टी कुठाय?"

ते उठले आणि जिना उतरून बाईंच्या खिडकीजवळ आले. सूक्ष्मदर्शकापाशी ते शेवटचे कधी बसले होते हे कुणालाच आठवेना. सर आकडे बघायचे, आकडे कोण कशातून काढतं ते बघायची त्यांना गरज पडत नव्हती. बाईंनी खुर्ची दिली. सरांनी डोळा लावला, फिरकी फिरवली, आणखी फिरवली.

"मला काळा ढग दिसतोय."

"उलटी फिरवा. हळू. दुधाचं भांडं गॅसवर असल्यासारखं."

सर हळू झाले. पाच मिनिटं, मग दहा. त्यांनी बाईंना पाचांपैकी एकीची पट्टी लावायला सांगितली. मग निवांतांतली. मग पुन्हा पाचांतली. एकदा त्यांनी डोळा न काढता विचारलं, "खाली इतकं असतं?"

"असतं की. मी काढते ना दरवेळी."

"मी मोजलं नाही." हे ते कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत. फिरकी पुन्हा केसभर फिरवली आणि म्हणाले, "नरांचाही खालचा भाग मी कधी मोजला नाही." शिंकताईला सरांविषयी त्या क्षणी जे वाटलं ते तिला चार वर्षांत कधी वाटलं नव्हतं. एकेचाळीस निबंधांचा माणूस स्वतःच्या अर्ध्या कामावरचा पडदा स्वतः उचलत होता.

सर उठले. फॉर्म त्यांनी फाडला नाही. ते नाटकी माणूस नव्हते. त्यावर आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि सही केली. मग शिंकताईला म्हणाले, "सोमवारी मामांना वर बोलव. फॉर्मला रकाना करायचाय. आणि तू लिही. पहिल्या पानावर बाईंचं नाव, तुझ्याबरोबर."

"माझं कशाला?" बाई म्हणाल्या.

"कारण तुम्हाला आधी दिसलं." सर थोडे घुटमळले. "बाई, जुनी सगळी चित्रं कपाटात आहेत ना? एकतीस वर्षांची? खालच्या पसाऱ्यासकट?"

"सगळी."

"ती मोजायला हवीत. तुमची निवृत्ती वर्षभर पुढे ढकलायला मी अर्ज करतो."

"नको," बाई म्हणाल्या. "मला झोप काढायचीये. पुष्कळ उरलीये." त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं आणि सरांपुढे धरली. "तीन आठवडे आहेत. ह्या पोरीला शिकवते. तुम्हालाही बसायचं तर बसा. पण साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

सोमवारी साडेनऊला सर आले. साडेनऊला पाच कमी असतानाच आले, असं शिंकताई नंतर मामांना सांगायची. त्यांनी बाही दुमडली, डावा हात फिरकीवर ठेवला आणि दीड तासात एका मादीच्या एका पेशीचं एक झाड काढलं, वरचा पसारा, गाठ, खालचा पसारा. कागद बाईंकडे सरकवून ते वर्गातल्या मुलासारखे वाट बघत बसले.

बाईंनी चित्र पाहिलं, मग काचेतून पेशी पाहिली, मग पुन्हा चित्र.

"वरचं झकास आलंय," त्या म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे केला. "खालचं पुन्हा काढा."

सरांनी पेन्सिलीला टोक केलं.